तिसऱ्या मजल्यावरचा पाचवा किलो

चार बायका देवाचं म्हणायला जमल्या की देवाचं होतं अर्धा तास आणि बाकीचं दीड तास! त्या दीड तासात काय काय होतं ते कुणी मुद्दाम लक्षात ठेवत नाही. पण पुढच्या वेळी एखादी नुसतं "त्या दिवशीचं आठवतंय ना गं?" असं म्हणते आणि सगळ्यांचे पदर तोंडाला लागतात. किस्से असे आपोआप साठतात, झाडून काढावेत तर कोपऱ्यात आणखी सापडतात. आमचे तर सगळे फिरून फिरून चहापाशीच येतात. त्याला माझा इलाज नाही.

ठाण्यात कोपरीला आमची बिल्डिंग. शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकीच्या घरी श्रीसूक्ताचं पठण असतं. नेमाने येणाऱ्या आम्ही चौघी. मी पहिल्या मजल्यावरची. सोमवार, संकष्टी, चातुर्मासातले नेम असं माझं बारा महिने काही ना काही चालू असतं, त्यामुळे कुणाला व्रताबद्दल शंका आली की माझी बेल वाजते. शैलाताई मुख्याध्यापिका होत्या. त्या रिटायर झाल्या, पण तास घेणं काही संपलेलं नाही. केतकी सगळ्यांत लहान, घरात बसून कम्प्युटरवर नोकरी करते. आणि दुसऱ्या मजल्यावरची प्रमिला, इथल्याच कोळीवाड्यातली. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांचं घर होतं.

पठण झालं की चहा. पुड्यातला नाही हं! कोपऱ्यावरच्या धनजीभाईंच्या किराणा दुकानातला, सुटा. पुड्यातल्या चहाबद्दल शैलाताईंचं एक ठरलेलं वाक्य आहे.

"पुड्यावर हसणाऱ्या बाईचे पैसे आपण का द्यायचे? ती काय आपल्याकडे बघून हसतेय?"

*

आधी प्रमिलाच्या नेमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

सासऱ्यांचं घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळाला. कुठला कुणाला, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्याला, म्हणजे प्रमिलाच्या यजमानांना, रमाकांतना, दुसरा मजला आला. थोरल्या हरीभाऊंना तिसरा, शेवटचा. पुढे वरचं छत गळायला लागलं आणि हरीभाऊंच्या मनाने घेतलं की चिठ्ठ्यांतच गडबड होती. प्रमिलाने पुढे केलेला कप त्यांनी हाताने परत सारला.

"या घरचा चहा मला बंद!"

तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. जिन्यात समोरासमोर आले की एक जण मीटरच्या बॉक्सकडे बघतो, दुसरा छताकडे. बायकांनाही मग बोलणं टाकावं लागलं.

प्रमिला माझ्याकडे आली. "वयनी, दोघांचं जुळंल असं काय तरी व्रत सांगा."

मी म्हटलं, "आवडती एखादी वस्तू सोड. भाऊजी घरी येईपर्यंत खायची नाही." माझ्या मनात आपलं वांगं, भोपळा असं काहीतरी होतं. ती विचारात पडली तसं मीच भीत भीत विचारलं, "मासे सोडतेस?"

"म्हावरं सोडलं तर नवरा मना सोडंल!"

आणि मग माझ्याच देवघरासमोर उभी राहून तिने सांगून टाकलं, "भाऊजी माझ्या घरी येऊन चहा घेतील, तवा मी चहा घेईन."

मला धडकीच भरली. ही बाई उठल्यापासून झोपेपर्यंत चहावर! मी म्हटलं, "अगं, जरा विचार कर, एक वेळचा सोड."

"आता बोलले," ती म्हणाली. "देवीनी आयकला पण."

*

चहा सोडला तरी आमच्या पठण मंडळाचा चहा आणायला आम्ही प्रमिलालाच नेतो. तिच्यासारखं नाक आमच्यात कुणाला नाही. धनजीभाईंच्या दुकानात पत्र्याच्या उंच डब्यांची रांग आहे. प्रत्येकावर भावाची पाटी. बारीक भुकटी स्वस्त, दाणेदार महाग, आणि दोन्ही मिसळून घ्यायची असेल तर मधला भाव. प्रमिला चिमूटभर पूड तळहातावर घेते, फुंकर घालते, हुंगते आणि सांगते, "हा नको. हा डब्यात लय दिवस बसलाय."

धनजीभाईंना तिच्या नेमाचं कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "बेन, वास घेतला तर व्रत तुटत नाय?"

मी म्हटलं, "वासाने व्रत मोडत असतं तर बायकांचा एकही उपास पार पडला नसता. सगळ्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

धनजीभाईंनी काट्यावरचं वजन पुरं केलं. मग पुडी बांधत म्हणाले, "बरोबर. मी पण वासाचे पैशे नाय लावत."

*

नेम म्हटला की लोकांना त्यात फटी शोधायच्या असतात. प्रमिलाला सर्दी झाली होती. केतकी बिचारी गवती चहाचा काढा घेऊन आली. "ताई, यात चहाची पूड नाही हं. नुसती पात आणि आलं."

प्रमिलाने कप हातात घेतला, मग खाली ठेवला. "पण नाव काय ह्याचा?"

"गवती चहा."

"नावात चहा हाय ना? मग नको."

शैलाताईंना राहवेना. त्यांच्या भाच्याचं लग्न जमवायचं चाललं होतं, रविवारी मुलगी बघायला जायचं होतं आणि प्रमिलाला त्या बरोबर नेणार होत्या. त्या म्हणाल्या, "मग आता चहापोह्यांच्या कार्यक्रमालाही येणार नाहीस की काय?"

"येईन तर!" प्रमिला म्हणाली. "पोहे खाईन."

*

केतकीने एकदा ऑनलाइन चहा मागवला. हातात मावेल एवढा डबा, वर डोंगराचं चित्र. आम्ही किंमत विचारली. तिने सांगितली. शैलाताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत विचारली, किंमत तीच होती. आमच्या किलोभर सुट्या चहाहून जास्त, आणि आत पूड नव्हती, सुकलेला पालाच दिसत होता.

त्या शुक्रवारी पठण केतकीकडे होतं. तिने पाणी गरम करून त्यात पानं घातली आणि झाकून ठेवली. उकळायचं नाही म्हणे! कपात आला तेव्हा त्याचा रंग आम्ही संकष्टीला अर्घ्य देतो त्या पाण्याइतकाच होता.

"दूध?" शैलाताईंनी विचारलं.

"दूध नाही घालायचं, काकू. खरी चव जाते."

"साखर?"

"शक्यतो नाही."

शैलाताईंनी एक घोट घेतला, कप नीट बशीत ठेवला, आणि शाळेत पालकांशी बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "केतकी, एवढ्या पैशांत दूध, साखर आणि विस्तव पण तेच लोक पाठवतात का गं?"

केतकी सगळ्यांत जास्त हसली. पोर मनाने फार चांगली आहे. पुढच्या शुक्रवारी धनजीभाईंच्या दुकानातून पावशेर स्वतः घेऊन आली.

*

मग भाव वाढले. चहाचे भाव पेट्रोलसारखे पेपरात येत नाहीत, डब्यावरची पाटी गुपचूप बदलते. शैलाताईंची बहीण डोंबिवलीला राहते. ती फोनवर म्हणाली, "आमच्याकडे या, इथे सुटा चहा कितीतरी स्वस्त!"

झालं. शैलाताई, मी आणि प्रमिला रिकाम्या पिशव्या घेऊन डोंबिवलीला गेलो. दुकान सापडलं. खरंच भाव कमी होता! प्रमिलाने पूड तळहातावर घेतली, हुंगली, परत हुंगली आणि मला कोपराने ढोसलं.

"वयनी, हा वास ओळखीचा हाय."

शैलाताईंनी दुकानदाराला विचारलं, "माल कुठून आणता हो?"

"ठाण्याहून येतो, मावशी. कोपरीला आमचे काका आहेत, धनजीभाई. त्यांच्याकडून उचलतो."

शैलाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. परत आल्यावर त्या घरी न जाता तडक दुकानात गेल्या आणि धनजीभाईंना जाब विचारला. "पुतण्याला स्वस्त आणि शेजाऱ्यांना महाग?"

"बेन, तो पोतं उचलतो, तुमी पावशेर उचलता," धनजीभाई शांतपणे म्हणाले. "तुमी पाच किलो एकदम घ्या, मी तुमाला पण पुतण्या समजतो."

*

अशी आमची पाच किलोंची योजना सुरू झाली. महिन्याला पाच किलो एकदम, किलोमागे चाळीस रुपये कमी. चौघींचे चार किलो लगेच झाले. त्यातला थोडा मंडळाला, थोडा माहेरी, थोडा पाहुण्यांना. पाचवा किलो मात्र कुणाच्या घरात खपेना. बिल्डिंगमध्ये बाकीचे कॉफीवाले, नाहीतर पुड्यावरच्या बाईवर खूश.

एकच घर उरलं होतं. तिसरा मजला.

हरीभाऊंच्या इंदूताई आणि प्रमिला सख्ख्या जावा, पण बोलणं बंद. मग मीच वर गेले. इंदूताईंनी भाव ऐकला, डोळे मोठे केले, आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "घेईन मी. पण पूड तुमच्या घरून येतेय असं सांगीन ह्यांना. खालचं नाव नको."

पूड मोजून वाटायची प्रमिलाच्या घरी, कारण मोठा काटा फक्त तिच्याकडे, मासे तोलायचा. घासून पुसून, लिंबू लावून स्वच्छ केलेला हं! तर तिसऱ्या मजल्याचा किलो आधी दुसऱ्यावरून पहिल्यावर माझ्याकडे उतरायचा आणि तिथून लिफ्टने दुसरा मजला ओलांडून तिसऱ्यावर चढायचा.

शैलाताई म्हणाल्या, "आसामहून इथे यायला चहाला इतका त्रास झाला नसेल!"

*

दोन-तीन महिने असे गेले. एक दिवस इंदूताई मला लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "ह्यांना चहा जाम आवडतोय. सकाळी दोनदा मागतात."

मी हे शुक्रवारी प्रमिलाला सांगितलं मात्र, तिच्या हातातली पूजेची ताटलीच थांबली.

"वयनी, म्हंजे भाऊजी माझ्या घरचा चहा पितात!"

आता आली का पंचाईत! तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. इतक्या दिवसांनी कुठेतरी उजेड दिसल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं, "प्रमिला, ती पूड झाली. पूड म्हणजे चहा नव्हे."

शैलाताई लगेच पुढे सरसावल्या. "का नव्हे? दुकानात जाऊन तुम्ही काय मागता? 'अर्धा किलो चहा द्या' म्हणता ना? पूड द्या म्हणता का?"

खरं होतं. इतकी वर्षं नेमधर्म करतेय, पण चहा नक्की कुठल्या क्षणी चहा होतो हे कुठल्याच पोथीत वाचलेलं नाही. केतकी म्हणाली, "टेक्निकली शैलाकाकूंचं बरोबर आहे." मी म्हटलं, "देवीला टेक्निकल कळतं का, ते मला माहीत नाही."

शेवटी प्रमिलाच म्हणाली, "नाय गो. मी बोलले होते, भाऊजी माझ्या घरी येऊन घेतील. वर बसून घेतला तो काय माझ्या घरी येनं झालं? देवीला फसवायचा नाय."

असं म्हणून तिने आम्हा तिघींना चहा ओतला. चव न बघता करते, पण साखर कधी चुकत नाही. स्वतः गरम पाणी घेऊन बसली. मी मनात म्हटलं, होईल. जिने इतकं दिलंय ती एक कप चहाचंही बघेल.

*

भाव पुन्हा वाढले. या वेळी धनजीभाईंनी पुतण्यांनाही सोडलं नाही. "काय करू बेन, वरूनच महाग येतंय."

दुकानात शैलाताईंनी तिथल्या तिथे मीटिंग घेतली. नेहमीची दाणेदार घ्यायची तर पाच किलोंची सगळी बचत जाते. खालच्या डब्यातली हलकी घेतली तर भाव जुनाच राहतो. चव? चवीचं प्रमिला सांगेल.

प्रमिलाने दोन्ही डब्यांतली पूड दोन तळहातांवर घेतली. पुष्कळ वेळ घेतला तिने. वरची हुंगली, खालची हुंगली, पुन्हा वरची. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"हाच घ्या," ती खालच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली. "चालंल."

धनजीभाईंनी भुवया वर केल्या. काटा लावला.

तो महिना आमच्या घरांत चांगला गेला नाही. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आज चहाला पण उपास आहे का?" केतकीचा नवरा ऑफिसात जाऊन प्यायला लागला. शैलाताई एकट्या राहतात, त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं, पण दुप्पट पूड घालतात हे मी डोळ्यांनी बघितलं. योजना त्यांची असल्यामुळे तोंडाने मात्र म्हणायच्या, "सवय होईल."

*

त्याच महिन्यातल्या एका शुक्रवारी पठण प्रमिलाकडे होतं. शेवटची फलश्रुती चालली होती आणि दार वाजलं. केतकीने उघडलं. दारात हरीभाऊ! हातात स्टीलचा डबा. माझं पहिल्या मजल्यावरचं दार उघडं होतं, आमचे हे घरातच पेपर वाचत होते, पण पूड माझ्या घरची असं सांगितलेलं असूनही हरीभाऊ तिथवर उतरलेच नव्हते.

उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी डबा पुढे केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, ह्यांना सांगा, या महिन्याची पूड बेकार हाय. बदलून द्या म्हनावं."

ह्यांना म्हणजे प्रमिलाला. ती त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "वयनी, त्यांना सांगा, पूड चांगलीच हाय. वरच्या लोकांना उकळायला जमत नसंल."

मी दोघांच्या मध्ये. कुणाला काय सांगायचं ते मला कळेना.

"उकळायला जमत नाय?" हरीभाऊंचा आवाज चढला, आणि ते सरळ तिलाच म्हणाले, "तू उकळून दाखव!"

"दाखवते. बसा."

चप्पल काढून ते आत आले आणि दिवाणाच्या अगदी कडेवर टेकले. प्रमिलाने पातेलं चढवलं. आम्ही तिघी पोथ्या मांडीवर तशाच ठेवून बसलो. आलं ठेचल्याचा आवाज तेवढा येत होता. तिने कप आणून त्यांच्यासमोर धरला. या वेळी हरीभाऊंनी तो घेतला. बशीत ओतला, फुंकर मारली, एक मोठा घोट घेतला.

"पाणचट!" ते म्हणाले. "नुसता रंग. चवीचा पत्ता नाय."

"नीट घ्या ना. एका घोटात काय कळतं?"

त्यांनी सगळा कप संपवला. "तरी पाणचटच. अजून घाल, बघतो." दुसरा कपही घेतला. खात्री करून घ्यायला, बहुतेक.

आणि इतका वेळ गॅलरीत जाळं विणत पाठमोरे बसलेले रमाकांत तिथूनच ओरडले, "दादूस, मी पण रोज तेच बोलतोय हिला! आयकतंय कोन?"

हरीभाऊ गॅलरीकडे वळले. "मग बदलून आणायची ना तू!"

"माझ्या हातात हाय काय? या बायकांची कमिटी बसते!"

"कसली कमिटी? तोंडात घालवत नाय असला चहा!"

"तेच तर!"

शैलाताई कमिटीच्या वतीने काहीतरी बोलायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात दाबून धरला. रमाकांत जाळं बाजूला ठेवून आत आले, हरीभाऊंनी दिवाणावर थोडं सरकून घेतलं, आणि दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून आमच्या चहाला नावं ठेवायला लागले.

प्रमिला ओट्याकडे गेली. मांडणीवरून तिने एक कप काढला, पातेल्यातला चहा त्यात गाळला आणि उभ्यानेच तोंडाला लावला. आम्ही तिघी तिच्याकडे बघतच राहिलो.

"शी!" ती म्हणाली. "असला चहा घेतला तरी कुनी?"

आणि तळाशी उरलेलाही गाळून तिने आपल्याच कपात ओतला.